भाईदास आप्पांच्या पोरीची चौकशी

लोणखेड्यात माणसं पाण्याच्या पाळीवरून रागावतात, बांधावरून रागावतात, लग्नात बुंदी एक पळी कमी वाढली म्हणून मांडव सोडून जातात. पण सरकारी फॉर्मातला रकाना अरुंद आहे म्हणून भरलं ताट सरकवून उठणारा माणूस तिथे एकच, भाईदास आप्पा. त्यांना कारणही तसंच होतं. पाटबंधारे खात्यात अव्वल कारकून म्हणून आप्पांनी एकतीस वर्षं लोकांच्या अर्जांत चुका काढल्या, आणि आता उतारवयात कोणीतरी त्यांच्या अर्जात चुका काढत होतं.

अर्ज खरं तर त्यांच्या मुलीचा, रोहिणीचा. दिल्लीचं ते मोठं तपास खातं आहे ना, ज्याचं नाव कानावर आलं की भल्या भल्या पुढाऱ्यांच्या छातीत कळ येते आणि ते गपचूप दवाखान्यात भरती होतात, त्या खात्यात ती सब-इन्स्पेक्टर म्हणून निवडली गेली होती. दोन परीक्षा झाल्या, वैद्यकीय झाली, गुणवत्ता यादीत नाव आलं. तुम्हाला वाटेल, संपलं. आप्पांनाही तसंच वाटलं, म्हणून त्यांनी पेढे वाटले. पेढे खाऊन झाल्यावर दिल्लीहून जे पाकीट आलं ते उघडायला घरातली मोठी कात्री लागली.

त्याआधीचं उंचीचं प्रकरण सांगायलाच हवं. मुलींना दीडशे सेंटीमीटर उंची लागते, असं शेजारच्या नवनीतभाऊंनी कुठेतरी वाचलं. नवनीतभाऊंची पपईची बाग आहे आणि बाकीचा सगळा वेळ सल्ल्यांसाठी मोकळा आहे. त्यांनी शिंप्याकडून कापडी टेप आणली आणि रोहिणीला दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं. भरले एकशे अठ्ठेचाळीस. आप्पा टेपवर ओरडले, दारावर ओरडले, मग बायकोवर, प्रमिलाबाईंवर ओरडले, कारण उंची तिच्या माहेरची होती. त्यानंतर सोळा दिवस रोहिणी रोज सकाळी निंबाच्या फांदीला लोंबकळून इतिहासाची उत्तरं पाठ म्हणत होती. वैद्यकीयला लोखंडी पट्टीखाली उभी राहिली तेव्हा भरली एकशे छप्पन. बारा वर्षं ताणून ताणून शिंप्याची टेपच सैल पडली होती. तरी नवनीतभाऊ आजही सांगतात की पोर त्यांच्यामुळे आठ सेंटीमीटर वाढली.

पाकिटातून दाखल्यांची यादी निघाली आणि साक्षांकनाचा एक लांबलचक फॉर्म निघाला. नॉन-क्रिमिलेअरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा होता. सेवा केंद्रातल्या माणसाने राज्याच्या नमुन्यात दिला. परत केला, तर त्याने पुन्हा राज्याच्याच नमुन्यात दिला, फक्त या वेळी शिक्का ठळक मारला. फॉर्मात गेल्या पाच वर्षांत एक वर्षाहून जास्त जिथे जिथे राहिलात तिथला पत्ता मागितला होता. मोठी सोपी वाटणारी ओळ. रोहिणीने ती भरली आणि फॉर्म रवाना केला. आप्पांनी इतर रकान्यांच्या रुंदीवर चार दिवस राग काढला, पण या ओळीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

"आते फक्त पोलीस चौकशी ऱ्हायनी," नवनीतभाऊ ओट्यावर बसून म्हणाले. "ती व्हयनी का सब-इन्स्पेक्टर. मंग इन्स्पेक्टर. मंग डीवायएसपी. एक दिन पोर आपलाच आमदारले उचली ली जाई, दखा!"

"आनि बदली?" समोरच्या दगूबाईंनी विचारलं. दगूबाई म्हणजे गल्लीचं वरचं कोर्ट. "आज गुवाहाटी, उद्या कोची. इतली मोठी साहेबीन व्हयनी तं तिन्हासंगे लगीन कोन करी?"

"लगीननं नाव काढू नका!" आप्पा कडाडले. निंबावरचे कावळे उडाले. काही जण म्हणतात ते शहाद्याला जाऊन बसले.

लग्नाच्या नावाला आप्पा इतके चिडत होते त्याला कारण होतं. यादीत नाव आल्यापासून घरी अकरा स्थळं सांगून आली होती. त्यातल्या पाचांना नोकरी करणारी मुलगी हवी होती आणि पाचांना नोकरी सोडणारी. अकराव्या घरातल्या आईला सोडणारी आणि बापाला करणारी हवी होती, ते आप्पांच्या ओट्यावरच भांडले. त्या दिवसापासून आप्पांनी जाहीर केलं की पोर रुजू होईपर्यंत स्थळ घेऊन येणाऱ्याचे पाय ओट्याला लागता कामा नयेत.

पोलीस चौकशीची तयारी मात्र जंगी केली. फाटकाला रंग दिला, नवी खुर्ची आणली, गल्लीत घरोघर सांगून ठेवलं की खाकी वर्दी आणि जीप दिसली की उभं राहायचं, खरं तेच बोलायचं. गल्ली पंधरा दिवस जीपची वाट बघत होती.

जीप आलीच नाही. एका गुरुवारी जुन्या मोटारसायकलवर एक साधा माणूस आला. इस्त्रीची पँट, पांढरा सदरा, काखेत प्लास्टिकची फाइल. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून त्याने हळू आवाजात विचारलं, "भाईदास पाटलांची मुलगी कशी आहे हो?"

आता मला सांगा, आपल्याकडे काखेत फाइल धरून, गाडी कोपऱ्यावर लावून, घरी न जाता शेजाऱ्याला मुलगी कशी आहे असं विचारणारा माणूस कोण असतो? तो नवऱ्या मुलाकडचा असतो. तापीकाठच्या कुठल्याही गावात दुसरा अर्थच नाही. पोराकडचे आधी एक अनोळखी माणूस पाठवतात, तो कोपऱ्यावर चौकशी करतो, आणि त्या वेळी गल्लीने मुलीची बाजू राखायची असते. ही पद्धत कोणी काढली त्याला शोधून आप्पांच्या ताब्यात द्यायला हवं. पण पद्धत आहे, आणि गल्ली तिला जागली.

"पोर?" दगूबाई सूप खाली ठेवून उठल्या. "सोनं शे सोनं. वर मान करीसन बोलत नही."

"राग वगैरे? कोणाशी वाद?"

"मुकी गाय शे, भाऊ. तिन्हा डोयासमोर कोनी चोरी करी ग्या तरी ती इचारनार नही."

माणसाने फाइल उघडून काहीतरी लिहिलं. "नोकरीची आवड?"

"नोकरीना नाद नही तिले. आज सांगं तं आज सोडी दी."

"बाहेरगावी कुठे राहिलीय का?"

"बाहेरगाव! एक रात बी नही."

"वडिलांची परिस्थिती?"

"हात सैल शे त्याना. चारचाकी दी, पलंग दी, जे मांगशात ते दी!"

तो पुढे नवनीतभाऊंकडे गेला. ते जरा जपून बोलले. मुलगी हुशार आहे का, यावर ते म्हणाले, "हुशार म्हंजे, घरपुरती." बाहेरगावी राहण्याबद्दल त्यांनीही कानाला हात लावला. अशी सात घरं झाली. सातही घरांनी एकच सांगितलं, की रोहिणीने उंबरा ओलांडला नाही. एवढी एकी गल्लीने नळाच्या पाइपलाइनसाठीसुद्धा कधी दाखवली नव्हती.

मग तो रंग दिलेल्या फाटकाशी आला. आप्पा तेव्हाच सेवा केंद्रातून परतले होते, हातात राज्याच्या नमुन्यातला तिसरा दाखला होता.

"भाईदास पाटील आपणच? रोहिणीबद्दल थोडी माहिती हवी होती."

"पोऱ्या काय करस?" आप्पांनी विचारलं.

"कोणाचा?"

"तुमना!"

"माझा? सातवीत आहे."

आप्पांच्या हातातला दाखला चुरगळला. "सातवीमा? सातवीमधला पोऱ्याकरता मन्ही पोर दखाले उनात तुमी?"

"तसं नाही, मी तिच्या स्वभावाबद्दल, वागण्याबद्दल..."

"वागनं? मन्ही पोरनं वागनं तुमी इचारशात? दारामांगे वाढेल पोर शे ती! ह्या उंबराबाहेर एक दिन ऱ्हायनी नही! लिखी ल्या!"

"लिहू?" माणसाने नम्रपणे विचारलं.

"लिखा! आनि खाले मन्हं नाव लिखा!"

त्याने लिहिलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली, आप्पांना नमस्कार केला आणि गाडीला किक मारली. त्या नमस्काराने तर आप्पांचं डोकंच फिरलं. त्यांनी मोटारसायकलचा नंबर दाखल्याच्या पाठीवर टिपला आणि तसेच तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले.

तिथे त्यांनी कागद मागून घेतला आणि समास सोडून, मुद्द्यांना क्रमांक देऊन, दोन पानी तक्रार लिहिली. अज्ञात इसम, वय अंदाजे पंचेचाळीस, वर्ण सावळा, नजर संशयास्पद, अविवाहित मुलींची माहिती गोळा करीत फिरतो, सबब त्याची कसून चौकशी व्हावी. एकतीस वर्षांत इतका सुबक कागद त्यांच्या हातून झाला नव्हता. टेबलामागच्या अंमलदार बाईंनी तो वाचला, गाडीचा नंबर पाहिला, पुन्हा पाहिला, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "सुरुपसिंगभाऊ, तुमच्याकडे पाहुणे आलेत."

आतून तोच माणूस चहाचा कप घेऊन बाहेर आला.

हवालदार सुरुपसिंग गोपनीय शाखेचे. त्या शाखेची माणसं वर्दी घालत नाहीत, आणि ही गोष्ट लोणखेड्यात एकट्या आप्पांनाच ठाऊक नव्हती असं नाही. आप्पांसकट कोणालाच ठाऊक नव्हती. सुरुपसिंग मूळचे खापर गावाकडचे, शांत डोक्याचे. त्यांनी तक्रार सावकाश वाचली.

"आप्पा, नजर संशयास्पद म्हणजे नेमकी कशी?"

आप्पांना खुर्ची दिली होती, पण ती एकदम फार उंच वाटायला लागली. पाय टेकेनात.

सुरुपसिंगांनी रोहिणीचा फॉर्म पुढे ठेवला आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. पुण्याचा पत्ता. मुक्काम दीड वर्ष. मग आठ जबाब ठेवले. सात गल्लीचे, आठवा बापाचा. वर वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं. त्यात पेढा भरवताना आप्पांचा फोटो आणि मथळा, 'घरीच अभ्यास करून लोणखेड्याच्या कन्येचं यश'. बातमीदाराला ती ओळ आप्पांनी स्वतः सांगितली होती.

"एक तर फॉर्म खोटा, नाहीतर गल्ली खोटी," सुरुपसिंग म्हणाले. "फॉर्म खोटा असेल तर निवड रद्द. पहिल्याच पानावर छापलंय. मी जे ऐकलं तेच लिहिणार आप्पा, शनिवारी अहवाल जाणार. त्याआधी ज्यांनी जबाब दिले त्यांनी इथे येऊन लेखी फिरवले तर ठीक. आणि ते चारचाकीचं काय? निवृत्त कारकुनाची चारचाकी द्यायची ऐपत, हेही वरचे विचारतील."

घरी येताना आप्पा ज्या रागात होते त्यात ऊस उभ्याने वाळला असता. गल्लीच्या मधोमध उभं राहून त्यांनी तोंड सोडलं. "खोटारडास्वन! मन्ही पोरनी नोकरी खाधी तुमी! कोनी सांगं व्हतं तुमले खोटं बोलाले?"

मग दगूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तूच सांगं व्हतं," त्या म्हणाल्या.

"मी?"

"तू. पोरले पुनाले धाडं, त्या दिनले तू घरोघर उना. मन्हा ओटावर, ह्याच जागावर बठना. सांगं, काकी, परका माणूस इचारी तं सांगज्यात पोर घरमाच शे. एकली पोर पुनामा ऱ्हास हाई कोनले समजाले नको. सात घर फिरना तू. आमी तुन्हा शबद पाळा, आनि तू आमले खोटारडं म्हनस?"

नवनीतभाऊ पपईची पेटी खाली ठेवून म्हणाले, "माले तं दोन डाव सांगं व्हतं, आप्पा."

आप्पा पडत्या आवाजात म्हणाले, "मंग आते ठाणामा चला आनि खरं सांगा."

"मी नही येवाव," दगूबाई ठणकावून म्हणाल्या. "मन्ही नात रुपानी लगीननी चौकशी चालू शे सध्या. घडीमा खोटं, घडीमा खरं, असं मी ठाणामा लिखी दिधं तं मन्हा शबदले काय किंमत ऱ्हाई? नही म्हंजे नही."

कोपऱ्यावर रोहिणी उभी होती. कॉलेजच्या वाचनालयातून आली होती, पाठीवर पिशवी होती, आणि किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. तिने ओरडाआरडा केला नाही. आप्पांना ते जास्त लागलं, कारण ओरडण्याला काय उत्तर द्यायचं ते त्यांना माहीत होतं.

"आप्पा, स्टँडवर माले कोनी बसाडं?"

"मी."

"बॅग कोनी उचली?"

"मी. पन रोहिणी..."

"दीड वरीस मेसनं पानीसारखं वरन खाधं मी. ताप उना तवय एकली दवाखानामा गयी. त्या जागावर मी पास व्हयनी, आप्पा. आनि तुमी पेढासंगे सांगी ऱ्हायनात का मी घरमा व्हती?"

प्रमिलाबाई दारातून म्हणाल्या, "मी तवयच सांगं व्हतं." नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, पण आज त्या आत गेल्या नाहीत. रोहिणी दगूबाईंच्या ओट्यासमोरून गेली. रोज 'आजी, जेवन व्हयनं का' विचारल्याशिवाय ती पुढे जात नसे. आज तिने वर पाहिलं नाही. दाराची कडी आतून लागली ती सकाळपर्यंत निघाली नाही.

शुक्रवारी आप्पा एकटेच ठाण्यावर निघाले. दाढी केली नव्हती. रस्ताभर ते रागावायला कोणीतरी शोधत होते आणि सगळे शोध घरीच येऊन थांबत होते.

ठाण्याच्या पायरीवर चपलांचा ढीग होता. आत बाकावर दगूबाई बसल्या होत्या. चांगल्या घरच्या बाईने ठाण्याची पायरी चढायची नसते हे ज्यांनी गल्लीतल्या तीन पिढ्यांना शिकवलं त्या दगूबाई. त्यांच्या मागे नवनीतभाऊ, आणि बाकीची पाच घरं. रोहिणीही आली होती, भिंतीला टेकून उभी होती.

"तुन्हाकरता नही उनी मी," दगूबाई आप्पांना पाहताच म्हणाल्या. "पोर काल समोरतून गयी, बोलनी नही. रातभर चपाती उतरनी नही मन्हा गयातून. ए हवालदार, लिखी ले. मी खोटं बोलनी. पोर पुनाले व्हती. बापनी सांगं व्हतं लपाडाले. चारचाकीबी मीच जोडी, त्यानाकडे धड सायकल नही."

"स्वभाव?" सुरुपसिंगांनी विचारलं. "तुम्ही मुकी गाय म्हणाला होता."

"गाय!" दगूबाई उसळल्या. "पाचवीमा व्हती तवय मन्हा घरमधला गूळ रोज कमी व्हये. पोरनी तीन दिन डब्बावर नजर ठी आनि चोर धरी दिधा. मन्हाच नवरा निंघना! डॉक्टरनी साखर बंद करेल व्हती त्यानी."

खरं बोलायची एकदा मुभा मिळाली आणि गल्लीला आवरणं कठीण झालं. नवनीतभाऊंनी सांगितलं की त्यांच्या बागेतल्या पाण्याच्या मोटारीची वायर कोणी कापली ते रोहिणीने चपलेच्या ठशावरून ओळखलं, आणि ते नाव इथेच बसलेलं आहे. ते नाव बाकावरून उठून उभं राहिलं. तिसऱ्याने पहिल्याचं काढलं, पाचव्याने चौथ्याचं. अंमलदार बाईंनी कोऱ्या कागदांचा दुसरा गठ्ठा फोडला. सुरुपसिंग एकसारखे म्हणत होते, "फक्त उमेदवाराबद्दल, फक्त उमेदवाराबद्दल!"

दुपार कलताना सात जबाब फिरले. आठवा राहिला. सुरुपसिंगांनी आप्पांपुढे कागद सरकवला. "तुम्ही स्वतः लिहा, आप्पा. अक्षर चांगलं आहे तुमचं. शेवटी कारण लिहा, आधी खोटं का सांगितलं त्याचं."

आप्पांनी समास सोडला. मुद्दे लिहिले. 'कारण' या शब्दापुढे दोन टिंबं दिली आणि लिहिलं, 'मुलीच्या भल्यासाठी.'

रोहिणी भिंत सोडून टेबलाशी आली. वाकून वाचलं. "खोडा."

आप्पांनी खोडलं. त्यांनी आयुष्यात स्वतःचं अक्षर खोडलं नव्हतं. मग लिहिलं, 'लोकांच्या भीतीने.'

"ह्या बठेल शेत ना लोक," ती म्हणाली. "सात घरं. त्यासले माहीत व्हतं, कोनी काही बोलनं का माले? खोडा."

दगूबाईंनी पदर तोंडाशी धरला. आप्पांना राग आला होता, पण तो बाहेर फेकायला समोर कोणी नव्हतं. त्यांनी तीही ओळ खोडली. मग एकटाकी लिहिलं, 'मीच पाठवलं. मला अभिमान होता आणि मलाच लाज वाटत होती. लाज वाटायचं कारण सांगता येत नाही, कारण ते नाही.' खाली पूर्ण सही केली, हुद्द्यासकट, निवृत्त असूनही.

रोहिणीने वाचलं. कागद सुरुपसिंगांकडे सरकवला.

"उद्या जाईल अहवाल," सुरुपसिंग म्हणाले. "एवढं एक राहिलं. पुण्याचा पत्ता तुमच्या तोंडून हवा, जबाबात."

आप्पा उभे राहिले. एवढ्याशा पत्त्यासाठी उभं राहायची गरज नव्हती. पण ते उभे राहिले आणि बाहेर आवारात पानटपरीवर उभ्या माणसांनी माना वळवाव्या अशा आवाजात म्हणाले, "गोदाई निवास, तिसरा मजला, खोली नंबर सात, सदाशिव पेठ, पुणे."

"सोबत कोण राहत होतं?"

"कोनीच नही," आप्पा म्हणाले. "एकली ऱ्हाये मन्ही पोर. एकली. लिखी ल्या."